विहिरीच्या तळाला भोक पडू नये म्हणून

आज घरात आले ते असे. फुलस्केप कागद एक दस्ता, चाळीसला. पेनाची रिफिल, पाचला. हृदयाच्या गोळ्यांची पट्टी, एकशे दहाला. दुकानदाराने दोन टक्के सोडले, अर्थात मागितल्यावर. लिंबे चार, दहाला, त्यातले एक सुकलेले निघाले ते बदलून आणवले. आणि दुपारी टेंपोतून उतरले निळे केसिंग पाइप, लांबलचक, चार नग, बोअरच्या तोंडाशी बसवतात ते. त्यांची किंमत मला माहीत नाही, कारण ते मी मागवले नव्हते.

टेंपोवाल्याने विचारले, "आजी, कुठे टाकू?"

मी म्हटले, "ज्याने मागवले त्याला विचारा."

"साहेबांनी सांगितलंय, परसात, विहिरीजवळ. आजींची झोपमोड करू नका म्हणाले."

मी जागीच होते. पाइप विहिरीच्या कठड्याला टेकवून तो गेला. माझ्या खाटेवरून, खिडकीतून, ते सरळ समोर दिसतात. म्हणून हा कागद उद्यावर न टाकता आजच लिहायला घेतला.

तर मी, या घराची मालकीण, वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम, देवाला स्मरून लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि आजची जमाखर्चाची बेरीज एका फटक्यात जमली आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. गोडगोड बोलून गुंडाळण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. तसे कोणी दाखवले तर ते खोटे समजावे. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "बदलली तर दहा वर्षं आरामात. नाही बदलली तर वर्ष काढाल, फार तर." मी विचारले, "आणि टेबलावरच गेले तर?" ते म्हणाले, "आजी, देवावर भरवसा ठेवा." तो आहेच. पण जी कामे आपल्याला करता येतात ती देवाच्या अंगावर ढकलू नयेत, म्हणून ही व्यवस्था.

कलम पहिले. घर.

घर यजमानांनी त्यांच्या हयातीतच माझ्या नावावर केले होते. पुढच्या दोन खोल्या, मधली खोली, स्वयंपाकघर, परसाकडची खोली, माडी आणि गच्ची, असे सर्व माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. तो विमा कंपनीत अधिकारी आहे आणि गावच्या पाणी बचाव समितीचा अध्यक्ष आहे. घर त्याचे, पण परसदारच्या उंबरठ्यापर्यंत. उंबरठ्यापलीकडचे काय, ते कलम चौथ्यात आहे. बाळा, पान उलटून आत्ताच बघू नकोस, क्रमाने वाच. लहानपणी गणिताचे उत्तर तू असाच मागच्या पानावर आधी बघायचास.

कलम दुसरे. शिल्लक.

बँकेत दोन ठेवी आहेत. मोठी ठेव मुलाला. लहान ठेव एका कामासाठी बाजूला ठेवते, ती दुसऱ्या कशाला वापरू नये. समितीने दोन वर्षांपूर्वी आमच्या परसात आणि सगळ्या गल्लीत सिमेंटच्या फरश्या बसवून दिल्या. चिखल गेला, हे खरे. चपला खराब होत नाहीत, हेही खरे. पण पूर्वी पावसाचे पाणी परसात मुरायचे, आता ते फरशीवरून पळत सुटते आणि गटारात जाऊन पडते. समितीच्याच रंगाऱ्याने समोरच्या भिंतीवर "थेंब थेंब वाचवा" असे निळ्या अक्षरांत लिहिले आहे, आणि पाऊस पडला की त्याच भिंतीच्या पायथ्यावरून सगळे थेंब एका लोंढ्याने वाहून जातात. मी खिडकीत बसून बघते. उपमा देत नाही, जे दिसते ते सांगते.

तर लहान ठेवीतून परसातल्या फरश्या उखडून काढाव्यात, विहिरीपासून चार पावलांवर एक खड्डा घ्यावा, त्यात दगड, खडी, वाळू अशा क्रमाने भरावे आणि गच्चीचे सगळे पाणी नळकांड्याने त्यात सोडावे. काम मागच्या गल्लीतल्या गवंड्याला द्यावे. तो जास्त सांगेल, घासाघीस करावी, पण त्याची मजुरी बुडवू नये.

कलम तिसरे. जिन्नस आणि जुनी देणीघेणी.

तांब्याचा हंडा, लोखंडी खलबत्ता आणि शिवणाचे यंत्र सूनबाईला.

विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ आणि लांब शिडी गवंड्याला. दर उन्हाळ्यात विहीर उपसायला तोच उतरतो. शिडीची तिसरी पायरी सैल आहे, आधी ती ठोकून घ्यावी.

नळाच्या वायसरांचा पत्र्याचा डबा मुलाच्या समितीला, समारंभपूर्वक. समितीच्या कार्यालयातला हात धुवायचा नळ ती समिती स्थापन झाली त्या दिवसापासून गळतो आहे. मी उद्घाटनाला गेले होते. सगळे भाषण ऐकत होते, मी नळ ऐकत होते. घरी आल्यावर मुलाला म्हटले, "अरे, तो नळ." तो म्हणाला, "आई, तुला एवढ्या मोठ्या कार्यक्रमात तेवढंच दिसलं?" तेवढेच दिसले.

डाव्या हाताच्या शेजारणीने नेलेली पितळी कळशी तिच्याकडेच राहू द्यावी. ती माझी होती, एवढे मात्र चार माणसांत तिला सांगावे.

हिशेबाच्या वह्या रद्दीत घालाव्यात. त्यांत काही गुपित नाही. रद्दीवाल्याला भाव मात्र दोन ठिकाणी विचारावा.

कलम चौथे. परस आणि विहीर.

हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने पाणी पिऊन बसावे, आणि पेला अर्धाच भरावा.

विहीर सासऱ्यांनी खणली. त्यांना दोन मुले, माझे यजमान आणि वन्सं. आपल्यामागे बहीणभावांत भांडण नको म्हणून त्यांनी कागद केला आणि विहिरीचीसुद्धा वाटणी केली. कठड्यावर चुन्याची रेघ मारली: अलीकडची अर्धी विहीर मुलाची, पलीकडची अर्धी मुलीची. दोन बाजूंना दोन कप्प्या बसवल्या. कागदात लिहिले की ज्याने त्याने आपल्या अर्ध्यात हवे ते करावे, दुसऱ्याला विचारायची गरज नाही, आणि मुलीच्या अर्ध्याकडे जायला परसातून वाट कायम मोकळी राहावी. सगळ्यांनी त्यांच्या शहाणपणाचे कौतुक केले. मी नवी सून होते, मीही मान डोलावली. पाण्यावर चुन्याची रेघ मारता येत नाही हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आले नाही.

विहिरीच्या तळाला पाय लावून आलेली या घरातली मी एकटीच. एका उन्हाळ्यात गवंड्याचा पाय मुरगळला होता आणि गाळ तर काढायचा होता, तेव्हा पदर खोचून मी शिडीने उतरले. खाली काळा अखंड खडक आहे, तव्यासारखा, मध्ये जरासा खोलगट. खालून पाणी येत नाही. पूर्वेच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर एक फट आहे, तिच्यातून बोटाएवढी धार येते आणि त्या तव्यावर साचते. आपली सगळी श्रीमंती ती धार आणि तो तवा.

धार बारीक आहे म्हणून सासूबाईंचा एक नेम होता, तो मी चालवला. पाणी त्या धारेच्या कपारीच्या खाली गेले की दोन्ही कप्प्या काढून घरात ठेवायच्या. बादली सोडायची, पण दोर हाताने ओढायचा. कप्पी असली की माणूस बोलता बोलता चार बादल्या ओढतो आणि त्यातली एक उगाच अंगणात शिंपडतो. हाताने ओढायची झाली की दुसऱ्या बादलीला थांबून विचार करतो की खरंच लागणार आहे का. भाषण लागत नाही, पाटी लागत नाही. मागच्या गल्लीत नळाला पाणी नाही, तिथल्या बायका आमच्या परसातून भरतात, त्या मला तोंडावर काकू म्हणतात आणि पाठीमागे "कप्पीचोर". मला ठाऊक आहे. ते नाव मला मुलाच्या समितीच्या प्रशस्तिपत्रापेक्षा जवळचे वाटते.

गल्लीत पूर्वी प्रत्येक घरामागे विहीर होती. त्यांचे काय झाले ते लिहून ठेवते, कारण बघणारे आता फार उरले नाहीत आणि जे आहेत ते बोलत नाहीत.

पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या शिंप्याने विहिरीच्या तळातच बोअर मारले. पाणी कारंज्यासारखे वर आले. लोक नाचले, समितीने त्याचा फोटो काढला. मग एका संध्याकाळी, आम्ही सगळे बघत असताना, विहिरीतले पाणी मधोमध फिरायला लागले आणि तुंबलेली मोरी मोकळी होताना येतो तसा आवाज करत खाली गेले. तवा फुटला होता. वरचे पाणी खालच्या भेगांत गेले. थोडे दिवस बोअरने तेच पाणी परत दिले, मग नुसती धूळ. शेजारच्याने त्याच्याहून खोल मारले. त्याच्या पलीकडच्याने त्याच्याहून. प्रत्येकाला वाटले, आपलेच तेवढे लागेल. एकेक विहीर झाकली गेली.

शिंप्याने विहिरीवर स्लॅब टाकला आणि बोअरच्या तोंडाशी मूठभर भोक ठेवले. गेल्या महिन्यात पायजम्याची उंची कमी करायला दिली होती, ती आणायला गेले तर त्याचे यंत्र मागच्या पडवीतून पुढे, रस्त्यावर आणलेले. मी म्हटले, "इथे धुळीत का बसलात?"

तो म्हणाला, "काकू, मागे बसवत नाही. ते भोक वारा ओढतं. सुईत ओवायला दोरा धरला की टोक तिकडे वळतं."

मी हसले. त्याने मला मागे नेले आणि कापडाची चिंधी त्या भोकावर धरली. चिंधी त्याच्या हातातून गेली. पडल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकायचा प्रयत्न केला. आला नाही.

"आणि काही दिवस उलटं होतं," तो म्हणाला. "आतून बाहेर येतो. वास येतो त्याला."

"कसला?"

"सांगता नाही येत. घर बंद ठेवून खूप दिवसांनी उघडलं ना, तसा."

आता गल्लीत पाणी असलेली विहीर आमची एकच उरली. तिच्या भिंतीच्या खोबणीत कबुतरे राहायची, पिढ्यान्‌पिढ्या. त्यांच्या घाणीवरून मी आयुष्यभर चिडले. शिंप्याची विहीर गेली त्याआधी त्याच्याकडची कबुतरे उडून गेली होती, तेव्हा आम्ही म्हटले, बरे झाले, पीडा गेली. आमची गेल्या पंधरवड्यापासून दिसत नाहीत. मी याला अर्थ लावत नाही. पूर्वेची धार मात्र बारीक झाली आहे, ते कान लावून ऐकले की कळते. चहूबाजूंनी एवढी भोके पडल्यावर तिने तरी किती दिवस आमच्याकडे यावे?

आता मुलाचे म्हणणे. ते मी कमी करून लिहिणार नाही, तो वाईट नाही. त्याला या विहिरीत बोअर मारायचे आहे आणि ते स्वतःसाठी नाही. तो म्हणतो, "आई, तू त्या तव्याचं काय घेऊन बसलीस? खाली समुद्र आहे समुद्र."

"तुला कोणी सांगितलं?"

"यंत्र लावून बघितलंय."

"यंत्र शिंप्यानेही लावलं होतं."

"त्याचा ठेकेदार चोर होता."

"आणि तुझा?"

"माझा समितीचा आहे!"

मग तो खाटेच्या कडेला बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मागच्या गल्लीतल्या बायका उन्हात रांग लावतात आणि दोर ओढून त्यांचे हात सोलवटतात. माझ्या आईच्या दारात. मला लाज वाटते गं." हे तो मनापासून बोलला. भाषणात बोलतानाही त्याचे डोळे भरून येतात, ते खोटे नसते. त्याच भाषणानंतर शाळेच्या मुलांना प्लास्टिकच्या बाटल्या वाटल्या जातात आणि त्या अर्ध्या पिऊन गटारात पडतात, हे त्याला दिसत नाही, इतकेच.

कदाचित त्याचे खरे असेल. कदाचित खाली खरोखर समुद्र असेल आणि मी म्हातारी हट्टी असेन. पण दोर ओढून सोलवटलेला हात आठ दिवसांत बरा होतो. तव्याला पडलेले भोक कोणालाही बुजवता आलेले मी पाहिलेले नाही. शिंप्याने सिमेंटची बारा पोती ओतली. ती कुठे गेली तेही त्याला सांगता येत नाही.

मी त्याला म्हटले होते, "मी आहे तोवर नाही."

तो म्हणाला होता, "तू आहेस तोवर नाही. शब्द." आणि तो शब्दाला पक्का आहे. मी जिवंत असेपर्यंत तो परसात पहारसुद्धा टेकवणार नाही, याची मला खात्री आहे.

म्हणून आज संध्याकाळी त्याला विचारले, "हे पाइप कशाला रे?"

"स्वस्तात मिळाले, आई. पुढे भाव वाढणार आहेत."

"पुढे म्हणजे कधी?"

तो माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीबाहेर पाइपांकडे बघत होता. "तू बरी होऊन ये," तो म्हणाला. "मग बघू."

रागावले नाही. वस्तू लागणार आहे हे दिसले की भाव चढायच्या आत घेऊन ठेवावी, हे मीच त्याला शिकवले. साबण, वह्या, छत्री. तो माझाच मुलगा आहे.

तरी, माझ्या पश्चात परस, मागचे फाटक आणि विहिरीचा माझा अर्धा भाग सूनबाईला मिळावा, मुलाला नाही. अटी तीन. तळाला सुरुंग, बोअर, पहार काहीही लावू नये. मागच्या गल्लीतल्या बायकांना फाटक बंद करू नये. आणि पाणी कपारीखाली गेले की कप्प्या काढाव्यात, कोणी काहीही म्हणो.

सूनबाई, तुला हे का, ते लिहिते. मागच्या उन्हाळ्यात मला धाप लागत होती म्हणून कप्प्या काढायला तुला पाठवले. बायका रांगेत होत्या. तू खूप वेळ आली नाहीस. मला वाटले, लाजून परत आली असेल किंवा रडत बसली असेल. मग दोन्ही कप्प्या ओच्यात घेऊन आलीस आणि माझ्या खाटेखाली ठेवल्यास.

मी विचारले, "काय गं, काय म्हणाल्या?"

तू म्हणालीस, "अहो आई, आजपासून मीसुद्धा कप्पीचोर."

"मग?"

"मग काय. बरं वाटलं."

त्या दिवशीच मी ठरवले होते. मी तुला जमीन देत नाही, नवऱ्याशी रोजचे भांडण वारशात देते आहे, हे मला कळते. त्याला टाकून बोलू नकोस. त्याला जेवायला वेळेवर वाढ. आणि बोअरच्या गोष्टीला मान डोलावू नकोस.

कलम पाचवे. माझ्यामागे करायचे ते.

समितीने माझी शोकसभा घ्यायचे ठरवले तर मंडप, ध्वनिवर्धक आणि फलक नको. त्या दिवशी पाणी कपारीच्या वर असले तरी कप्प्या काढून ठेवाव्यात. जो येईल त्याने दोन शब्द बोलण्याऐवजी हाताने एक बादली ओढावी आणि ती मागच्या गल्लीत पोचवावी. अध्यक्षांनी पहिली. ज्याला ओढवणार नाही त्याने बसून बघावे, तेही चालेल. पाण्याचे महत्त्व पटवून देण्याची याहून दुसरी रीत मला माहीत नाही. घरातल्यांनी रोज सकाळी देवापाशी दिवा लावावा. त्यासाठी तेल महाग झाले तर वात बारीक करावी, दिवा चुकवू नये.

कलम सहावे. माझ्या नणंदेविषयी.

माझ्या चार सोन्याच्या बांगड्या वन्संना द्याव्यात. बिनशर्त. अट घातली असती तर त्यांनी मुद्दाम उलटे केले असते, मी त्यांना ओळखते.

वन्सं आणि मी कित्येक वर्षे बोललो नाही. त्यांच्या मुलीचे लग्न या घरातून झाले, नेमके पाणी कपारीखाली गेले होते, आणि मी पाहुण्यांसाठीसुद्धा कप्प्या बसवल्या नाहीत. वरपक्षाकडच्या बायकांना हाताने ओढावे लागले. वन्सं सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वहिनी, माझं नाक कापलंत." मी म्हटले, "नाक आहे तिथेच आहे वन्सं, पाणी आहे का ते बघा." त्या रुसून गेल्या, या विहिरीचा घोटसुद्धा घेणार नाही म्हणाल्या, आणि घेतला नाही. त्या दिवशी बोललेला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण त्यांच्याशिवाय विहिरीवर उभे राहून बोलायला मला नंतर कोणी मिळाले नाही, हेही लिहून ठेवते.

त्यांच्या अर्ध्यावर माझा अधिकार चालत नाही. वकीलबाईंना मी तीन प्रकारे विचारून पाहिले. त्या म्हणाल्या, "सासऱ्यांच्या कागदाप्रमाणे पलीकडच्या अर्ध्यात काय करायचं ते फक्त नणंदबाई ठरवणार. त्यांनी बोअरला संमती दिली, की तुमच्या सुनेने कितीही नाही म्हटलं तरी मशीन परसातून जाणार." तेव्हा या मृत्युपत्रात मला जे बांधून ठेवता आले ते अर्धेच आहे.

याची व्यवस्था पाहण्यासाठी वकीलबाईंना नेमले आहे. त्यांची फी ठरली आहे, ती आगाऊ दिली आहे आणि पावती घेतली आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि साक्षीदारांना वाचून दाखवला.

ठिकाण: राहते घर, परसाकडची खोली.
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तीच.

सही: घरमालकीण (उर्फ कप्पीचोर)

साक्षीदार पहिला: टपाल वाटणारे काका. (यांनी चहा नाकारला, पाणी घेतले.)

साक्षीदार दुसरा: समोरच्या इस्त्रीवाल्या बाई. (यांना मी माझ्या दोन इस्त्र्या देणार होते. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये असे वकीलबाई म्हणाल्या. "इस्त्र्या घे, नाहीतर सही कर," असे मी त्यांना म्हटले. "इस्त्र्या माझ्याकडे आहेत काकू, सही अजून कोणी मागितली नव्हती," असे म्हणून त्यांनी सही केली.)

ताजा कलम, वन्सं यांना, नकलेसोबत.

वन्सं, ही नक्कल टपालवाल्या काकांच्या हातूनच तुम्हाला धाडते आहे. सोबत आमचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट आहे. तुम्हाला फक्त आत कागद घालायचा आहे.

माझा मुलगा गेल्या रविवारी तुमच्याकडे आला होता. मला त्याने सांगितले नाही, सूनबाईने सांगितले. जाताना हातात कागद होता आणि घरी परतताना तो शीळ घालत आला. तुम्ही त्याला लहानपणी मांडीवर घेतले आहे, त्याने तोंड गोड करून मागितले की तुम्हाला नाही म्हणवत नाही, मला माहीत आहे. माझ्यावरच्या रागाने सही केली असेल तरी मी समजू शकते. पण विहिरीला अर्धा तळ नसतो हो वन्सं. भोक तुमच्या बाजूला पडले तरी माझ्या बाजूचे पाणी त्याच वाटेने जाईल, आणि मागच्या गल्लीतल्या बायका रिकाम्या कळशा घेऊन ज्या फाटकाशी उभ्या राहतील ते एकच आहे.

मला एवढेच कळवा. सही केली आहे की नाही. कारण विचारत नाही, रागावणारही नाही, बांगड्या तुमच्याच. सही केली नसेल तर मी सोमवारी निर्धास्त दवाखान्यात जाते, पुढचे देव बघेल. आणि केली असेल, तर मला टेबलावर जाण्याची जोखीम घेता येणार नाही. डॉक्टरांनी बिनऑपरेशनचे वर्षभर सांगितले आहे. मुलाचा शब्द मी आहे तोवरचा आहे, तेव्हा ते वर्ष मी या खिडकीत बसून काढीन. त्यात एक पावसाळा येतो, आणि तुमचे मन वळवायला तेवढाच वेळ हाताशी राहतो.

डॉक्टरांना शनिवारी हो किंवा नाही सांगायचे आहे. तेव्हा उलट टपाली कळवावे.